अमेरिकी परराष्ट्र खात्याची ऑनलाइन रीडिंग रूम: क्लिंटन यांचे ईमेल वाचायचे तर

माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली (तिकडे सगळे 'फोया' म्हणतात) उघड झालेली कागदपत्रं अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या 'व्हर्च्युअल रीडिंग रूम'मध्ये ठेवतं. हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना खासगी सर्व्हरवरून केलेले ईमेल तिथेच आहेत. लॉगिन नाही, शुल्क नाही, प्रत्येक ईमेलची पीडीएफ थेट उतरवता येते. एखादा ईमेल समोर घेऊन वाचायचा असेल तर सोय चांगली आहे. पण शोधायचं म्हटलं की माणूस मेटाकुटीला येतो, आणि त्याचं कारण ईमेल खात्याच्या हाती कोणत्या रूपात आले यात आहे.

क्लिंटन 2009 ते 2013 या पदावर होत्या. सर्व्हर न्यूयॉर्क राज्यातल्या चॅपाक्वा इथल्या त्यांच्या घरी होता. खात्याने माजी मंत्र्यांकडे दप्तर मागितल्यावर 5 डिसेंबर 2014 रोजी त्यांच्या वकिलांनी 30,490 ईमेल दिले, तेही छापून. 12 खोकी, सुमारे 55,000 पानं. ईमेल छापून फायलीला लावायचे ही त्या काळी खात्याचीच मान्य पद्धत होती, त्यामुळे कागद देणं हा दोष नव्हे. दोष हा की ते पद सोडण्याआधीच जमा व्हायला हवे होते. खात्याच्या महानिरीक्षकांच्या मे 2016 च्या अहवालाने हे स्पष्ट म्हटलं आहे.

छापल्याबरोबर ईमेलचं शोधता येण्याजोगं रूप गेलं. खात्याने ती पानं स्कॅन केली आणि मशीनकडून अक्षरं ओळखून घेतली. त्यात इंग्रजी 'एम' हे अक्षर 'आर' आणि 'एन' अशी दोन अक्षरं म्हणून वाचलं जातं, ईमेल पत्त्यातल्या 'अॅट'च्या खुणेच्या जागी कॉपीराइटची खूण येते. म्हणून पूर्ण पत्ता टाकून शोधलंत तर बरेच ईमेल हाताला लागतच नाहीत. पाठवणाऱ्याच्या रकान्यात क्लिंटन यांचं नाव पुष्कळदा नुसतं 'एच' एवढंच असतं. शिवाय एकाच संवादाची दहा उत्तरं असली तर जुना मजकूर दहा वेळा छापला गेलाय, त्यामुळे निकालांची संख्या फुगते. अमुक शब्द किती वेळा आला हे मोजायला बसलात तर आकडा हमखास चुकेल.

शोधताना हे करा. आधी तारखेची मर्यादा घाला, मग विषयातला एकच ठळक शब्द टाका. पूर्ण नावाऐवजी आडनाव घ्या, आणि ज्यात 'एम' नाही असा शब्द मिळाला तर फारच बरं. हवी ती पीडीएफ उतरवून 'टेसरॅक्ट'सारख्या मोफत साधनाने अक्षरं पुन्हा ओळखून घेतलीत तर दोन्ही मजकुरांत शोधता येतं. संदर्भ देताना 'सी' या अक्षराने सुरू होणारा आठ आकडी दस्तऐवज क्रमांक लिहा. विषय आणि तारीख एकच असलेले अनेक ईमेल आहेत, क्रमांक मात्र वेगळा असतो.

आता एक पान जवळून पाहू. माथ्यावर प्रकरण क्रमांक, दस्तऐवज क्रमांक आणि तारीख असते. ती तारीख ईमेलची नाही, उघड केल्याची आहे. त्याखाली 'पूर्ण उघड' किंवा 'अंशतः उघड' असा शिक्का. मजकूर झाकलेल्या पांढऱ्या चौकोनाशेजारी तो फोयाच्या कोणत्या कलमाखाली रोखला याची खूण असते. 'बी 6' दिसलं तर ती कुणाची खासगी माहिती, बहुतेकदा ईमेल पत्ता. 'बी 5' म्हणजे निर्णयाआधीची अंतर्गत चर्चा. 'बी 1' म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा, आणि सोबतचं 1.4 (डी) म्हणजे परराष्ट्र संबंध.

इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. 'बी 1' असलेल्या पानावर गोपनीय ठरवल्याची तारीख पाहा, ती 2015 किंवा 2016 ची निघते. म्हणजे तपासणीच्या वेळी मजकूर गोपनीय ठरवला. असे ईमेल 2,000 हून अधिक आहेत. पाठवतानाच ज्यांत गोपनीय माहिती होती असे 110 ईमेल, 52 संवादांमधले, एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी जुलै 2016 मध्ये सांगितले. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. शिवाय 22 ईमेल अतिगोपनीय म्हणून पूर्णच रोखलेत, ते इथे सापडणार नाहीत.

संदर्भ हरवतो तो वेगळाच. मार्च 2010 चा एक ईमेल आहे, विषय 'गेफिल्टे फिश' (ज्यू घरांत सणाला होणारा माशाचा पदार्थ), मजकूर एकच ओळ: याचं कुठवर आलं? अमेरिकेतल्या इलिनॉयमधून इस्रायलला चाललेले कार्प मासे आयातशुल्कात अडकले होते, हे त्या पानावरून कळायला मार्ग नाही. तेव्हाच्या बातम्या शेजारी उघड्या ठेवूनच वाचावं लागतं.

संग्रह अपुरा आहे हेही धरून चला. 21 जानेवारी ते 17 मार्च 2009 या दिवसांचे ईमेल दिलेल्या गठ्ठ्यात नव्हतेच. खासगी ठरवलेले सुमारे 32,000 ईमेल दिले गेले नाहीत. क्लिंटन यांचे जुने स्नेही सिडनी ब्लूमेंथल यांनी अमेरिकी संसदेच्या समितीला स्वतःकडचे ईमेल दिले, तेव्हा त्यांतले 15 इथे पूर्ण किंवा अंशतः नाहीत असं आढळलं. एफबीआयने नंतर मिळवलेले हजारो दस्तऐवज पुढे वेगळ्या टप्प्यांत आले, म्हणून खात्याने दर महिन्याला थोडे थोडे करत फेब्रुवारी 2016 पर्यंत उघड केलेल्या ईमेलवर थांबू नका.

विकिलीक्सने मार्च 2016 मध्ये यांतलेच 30,322 ईमेल आणि जोडपत्रं शोधता येतील अशी मांडली. शोध तिथे वेगवान आहे, पण मूळ स्कॅन तोच असल्यामुळे अक्षरांच्या चुकाही त्याच. तिथे शोधा, क्रमांक टिपून घ्या आणि खात्याच्या पीडीएफशी ताडून पाहा.

आपल्याकडे माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आपला कायदा फक्त नागरिकांना माहिती देतो, फोयाखाली परदेशी माणूसही अर्ज करू शकतो. रीडिंग रूममध्ये कागद नसेल तर विषय, तारखांची मर्यादा आणि जास्तीत जास्त किती शुल्क भरायची तयारी आहे हे लिहून खात्याकडे अर्ज टाका. तारखा जितक्या नेमक्या, तितकं काम सोपं.