खोक्यावर दोन्हीकडे ‘ऑक्टा-कोअर’ : दोन फोन आठ महिने वापरल्यावर

‘ऑक्टा-कोअर’ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग, आठ कोअर. एका फोनमध्ये आठही कोअर कॉर्टेक्स-ए५३ या छोट्या प्रकारचे, ४ जीबी रॅम, ईएमएमसी या संथ प्रकारचं स्टोरेज. दुसऱ्यात हेलिओ जी९९ ही चिप, म्हणजे दोन मोठे, ताकदवान कॉर्टेक्स-ए७६ कोअर आणि सहा छोटे ए५५. ६ जीबी रॅम, यूएफएस २.२ हे वेगवान स्टोरेज. ऑक्टोबर ते मे, नाशिकमध्ये दोन्हींवर तीच रोजची कामं: व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, नकाशा, यूट्यूब.

फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो यूपीआयला. भाजीवाल्यासमोर कोड स्कॅन करायचा असतो आणि पहिल्या फोनवर अ‍ॅपच उघडत नाही. अ‍ॅप उघडताना बरंचसं काम एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामांच्या एकाच रांगेत, एकामागून एक चालतं, ते आठ जणांत वाटता येत नाही. ज्या कोअरवर ते पडतं त्याची ताकद किती, एवढाच प्रश्न उरतो. ए५३ प्रोग्रामच्या सूचना (इन्स्ट्रक्शन्स) आल्या त्याच क्रमाने उरकतो. मेमरीतून डेटा यायला उशीर झाला की मागचं सगळं खोळंबतं. ए७६ तेवढ्यात पुढच्या तयार असलेल्या सूचना उरकून घेतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग’ बार स्वरूपात चालू करा. प्रत्येक बार म्हणजे स्क्रीनवरची एक फ्रेम काढायला लागलेला वेळ. हिरवी आडवी रेषा साधारण १६ मिलिसेकंदांची, म्हणजे ६० हर्ट्झच्या स्क्रीनला एका फ्रेमसाठी मिळणारा वेळ. चॅटची लांब यादी सरकवली की पहिल्या फोनवर बार त्या रेषेच्या वर वारंवार जातात, जी९९वर क्वचित.

पण सगळं खापर कोअरवर फोडणं चूक ठरेल. ईएमएमसी एका वेळी वाचतं किंवा लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. प्ले स्टोअरचे अपडेट चालू असताना पहिला फोन अडखळतो तो बराचसा याचमुळे. त्यावर रात्री चार्जिंगला लावून अपडेट करणं, १५-२० टक्के जागा मोकळी ठेवणं आणि सेटिंग्जमधली ‘वाढीव रॅम’ बंद करणं, हे तिन्ही उपाय लागू पडले. वाढीव रॅम याच संथ स्टोरेजमधून घेतली जाते.

जास्त कोअर वाया जातात असंही नाही. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना किंवा अपडेटनंतर अ‍ॅप कंपाइल होताना बरेच कोअर एकदम कामाला लागतात. छोटे कोअर मागची किरकोळ कामं कमी बॅटरीत सांभाळतात.

मे महिन्यात मात्र जी९९ही नमतो. दुपारी गाडीच्या हँडलवर, उन्हात, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण, वर चार्जिंग. फोन तापला की मोठ्या कोअरचा वेग उतरवला जातो. कोअरचा वेग दाखवणाऱ्या सीपीयू-झेड अ‍ॅपमध्ये तो उतरलेला दिसतो. चार्जर काढला आणि फोन सावलीत ठेवला की थोड्या वेळाने पूर्ववत.

एमजी रोडवर फोन घ्यायला गेलात तर ‘किती कोअर’ विचारू नका. मोठे कोअर कोणते, स्टोरेज ईएमएमसी की यूएफएस, हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर चिपचं नाव घेऊन तिथेच शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. डेमो फोनवर कॅमेरा, नकाशा आणि ब्राउझर लागोपाठ उघडा, मग पुन्हा कॅमेऱ्यावर या. तो नव्याने सुरू होत असेल तर रॅम अपुरी पडते आहे.