‘मी तुमच्या बाजूचा’ म्हणणाऱ्याने बुडवलेले १७,९०० डॉलर

फेब्रुवारी २०२१ मधली थंडी ह्यूस्टन परिसरात राहणारा कुणीच विसरलेला नाही. १५ तारखेच्या पहाटे टेक्ससभर वीज गेली. आमच्याकडे ती तिसऱ्या दिवशी आली. मधल्या रात्री पारा उणे १० सेल्सिअसच्या आसपास गेला होता. इकडची घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात आणि पाण्याच्या नळ्या बऱ्याचदा माळ्यावरून, म्हणजे अ‍ॅटिकमधून फिरवलेल्या असतात. नळी गोठली तेव्हा काहीच कळलं नाही. वीज आली, घर ऊब धरू लागलं आणि १७ तारखेच्या दुपारी वरच्या बाथरूमवरची तांब्याची नळी फाटली.

मुख्य व्हॉल्व्ह रस्त्यालगतच्या मीटरच्या खड्ड्यात असतो आणि तो फिरवायला लांब दांड्याची किल्ली लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. शेजाऱ्यांकडून किल्ली मिळेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात दिवाणखान्याचं छत ओल्या पुठ्ठ्यासारखं फुगून खाली आलं. लाकडी फरशी दुसऱ्या दिवशी तरंग उठल्यासारखी वर आली. कोविडमुळे सासूबाई वर्षभर आमच्याकडेच अडकल्या होत्या. त्यांना गाडीत हीटर लावून बसवलं आणि मी विमा कंपनीला फोन लावला. क्लेम नंबर मिळाला. राज्यभर असंच झालं आहे, आमचा माणूस यायला दोन आठवडे लागतील, असं सांगितलं गेलं.

त्या रात्री सांगलीहून दादाचा फोन आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी त्याच्या घरात छातीपर्यंत आलं होतं, त्यामुळे ओल्या घराचा अनुभव त्याला माझ्यापेक्षा जास्त. तो एकच म्हणाला, “पंचनामा होताना तू समोर उभी राहा, आणि काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नकोस.” मी हो म्हटलं आणि चारच दिवसांत नेमकं उलटं केलं.

२१ तारखेला दुपारी एक गृहस्थ दारात आले. कॉलरवाला टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. समोरच्या तेलुगू कुटुंबाचं काम आपणच करतोय म्हणाले, आणि खरंच त्यांच्या दारात त्या माणसाची गाडी उभी होती. त्यांनी आमचं छत पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, “विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर कंपनीच्या बाजूचा असतो. मी तुमच्या बाजूचा. पब्लिक अ‍ॅडजस्टर. क्लेम मी लढवतो, घर मी दुरुस्त करतो, तुमच्या खिशातून एक डॉलर जाणार नाही. डेडक्टिबलसुद्धा मी सांभाळून घेतो.”

या बोलण्यात काय काय खोटं होतं ते सांगते, कारण तेव्हा मला त्यातलं एकही ओळखता आलं नाही.

पब्लिक अ‍ॅडजस्टर ही अमेरिकेतली खरीखुरी व्यवस्था आहे. आपल्याकडे विमा कंपनी सर्व्हेअर पाठवते. इथेही कंपनी आपला पगारी माणूस पाठवते, किंवा कामापुरता बाहेरचा नेमते. त्या बाहेरच्याला ‘इंडिपेंडंट’ म्हणतात, पण त्याचे पैसे कंपनीच देते. पब्लिक अ‍ॅडजस्टर हा तिसरा. त्याला घरमालक नेमतो, तो घरमालकाच्या वतीने नुकसान मोजतो, कंपनीशी बोलतो आणि मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेतो. टेक्ससमध्ये त्याला राज्याच्या विमा विभागाचं लायसन्स लागतं. त्याची फी क्लेमच्या रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार लेखी हवा आणि सही केल्यापासून ७२ तासांच्या आत तो लेखी कळवून मोडता येतो. नुकसान मोजणाऱ्याने तेच घर दुरुस्त करायचं काम घेणं कायद्याला मंजूर नाही, कारण मग नुकसान फुगवण्यात त्याचाच फायदा असतो. आणि डेडक्टिबल, म्हणजे आपल्या वाट्याची पहिली रक्कम, ‘सांभाळून घेतो’ म्हणणं टेक्ससमध्ये २०१९ च्या सप्टेंबरपासून सरळ बेकायदा आहे.

म्हणजे “क्लेम मी लढवतो, घर मी दुरुस्त करतो” हे एक वाक्य ऐकूनच मी दार लावायला हवं होतं.

पण घरात कुबट वास सुटला होता, सासूबाई खोकत होत्या, पंधरा दिवस कुणी येणार नव्हतं आणि हा माणूस त्याच संध्याकाळी पंखे आणि हवा कोरडी करणारी यंत्रं लावायला तयार होता. टॅबलेटवर मजकूर भराभर वर सरकत गेला आणि मी बोटाने सही केली. नवऱ्यानेही केली. प्रत ईमेलने येईल असं सांगितलं गेलं. ती आठ दिवसांनी, मी तिसऱ्यांदा मागितल्यावर आली. तोवर ७२ तास कधीच उलटून गेले होते. त्यात लिहिलं होतं की क्लेमचा सगळा पत्रव्यवहार ही कंपनी करेल, विम्याच्या चेकवर तिचं नाव घातलं जाईल आणि आम्ही करार मोडला तर २० टक्के द्यावे लागतील.

४ मार्चला विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर आला. त्याच्याशी तुम्ही बोलू नका, मी बोलतो, असं आमच्या माणसाने बजावलं होतं. आम्ही सासूबाईंना घेऊन हॉटेलवर राहत होतो, तिथेच थांबलो. दादाने सांगितलेला पंचनामा माझ्याशिवाय झाला.

कंपनीने नुकसान २७,६०० डॉलर ठरवलं. त्यातून जुनेपणाची घट म्हणून ५,९०० बाजूला ठेवले. ते दुरुस्ती पूर्ण झाल्याच्या पावत्या दाखवल्यावर मिळायचे होते. डेडक्टिबल ३,८०० होतं. हातात येणारा पहिला चेक १७,९०० डॉलरचा. त्यावर आम्हा दोघांची, कर्ज देणाऱ्या बँकेची आणि त्याच्या कंपनीची अशी नावं होती. बँकेची सही मिळवायला तीन आठवडे लागले. सामानाच्या ऑर्डरसाठी पैसे आधी भरावे लागतात, लाकडाच्या किमती रोज चढताहेत, असं तो म्हणाला. लाकूड त्या वसंतात खरंच महागलं होतं, त्यामुळे शंका आली नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चेकमागे सह्या करून तो त्याच्या हाती दिला.

त्याच्या माणसांनी दोन दिवसांत फरशी उखडली, भिंतींचे खालचे चार फूट कापून नेले. त्यानंतर कुणी आलं नाही. आधी सामान अडकलं, मग मुकादमाला कोविड झाला, मग फोन व्हॉइसमेलवर जाऊ लागला. समोरच्या घराचंही काम त्याने तसंच अर्धवट टाकलं होतं. ते आम्हाला मे महिन्यात त्या काकूंनी सांगितलं. लाज वाटून त्या इतके दिवस बोलल्या नव्हत्या, आणि मीही नव्हते. आम्ही दोघी मार्चमध्येच एकमेकींशी बोललो असतो तर चेकमागे सही झाली नसती.

इथपर्यंतची गोष्ट पैशांची आहे. पुढची मला जास्त लागली. मेच्या अखेरीस विमा कंपनीच्या तपास विभागाचं पत्र आलं. आमच्या वतीने ६४,००० डॉलरची वाढीव मागणी दाखल झाली होती. तिच्यासोबतची स्वयंपाकघराची छायाचित्रं आमची नव्हती. ओट्यावर काळा ग्रॅनाइट होता, आमचा ओटा पांढुरका आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरात तर पाणी शिरलंच नव्हतं. त्या माणसाने दुसऱ्या कुणाचं तरी घर आमच्या नावावर दाखवलं होतं.

पत्रात आमच्या पॉलिसीतलं एक कलम उतरवलं होतं. विमेदाराने महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली तर पॉलिसीचं संरक्षण जाऊ शकतं. क्लेम आमच्या नावावर, अधिकारपत्रावर सही आमची. म्हणजे चोर तो आणि तपास आमचा. नवऱ्याची नोकरी व्हिसावरची. फसवणुकीचा गुन्हा लागला तर काय होईल, या विचाराने आम्ही कित्येक रात्री झोपलो नाही. आईला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगत राहिले.

त्या पत्रानंतर प्रथमच मी टेक्ससच्या विमा विभागाच्या लायसन्स शोधात त्या माणसाचं नाव घातलं. दोन मिनिटांचं काम. त्याचं नाव नव्हतं, कंपनीचंही नव्हतं. गळ्यातलं ओळखपत्र त्याने स्वतःच छापलेलं होतं.

आम्ही विमा कंपनीसमोर रेकॉर्ड केलेला जबाब दिला. माझ्याकडे १७ फेब्रुवारीच्या दुपारपासूनचे फोटो होते, तारीख-वेळेसकट. फाटलेल्या नळीचा तुकडा प्लंबरने फेकायला काढला होता, तो मी पिशवीत घालून ठेवला होता. या दोन गोष्टींनी आम्हाला वाचवलं. कंपनीने वाढीव मागणी फेटाळली, पण मूळ क्लेम कायम ठेवला. विमा विभागाकडे तक्रार केली. लायसन्स नसलेल्याशी झालेला असा करार विमेदाराला रद्द ठरवता येतो, तसं पत्र त्याच्या कंपनीला पाठवलं. उत्तर आलं नाही.

जूनमध्ये मंडळातल्या एका ओळखीतून एका खऱ्या, लायसन्सधारक पब्लिक अ‍ॅडजस्टर बाईंची गाठ पडली. ही व्यवस्थाच वाईट असं मी म्हणत नाही, ते त्यांच्यामुळे. त्यांनी तासभर सगळे कागद वाचले आणि म्हणाल्या, “तुम्हाला माझी गरज नाही. तुमच्या १० टक्क्यांत तुमचंच नुकसान आहे.” घर पूर्ण जळालं असेल, कंपनीने क्लेम नाकारला असेल किंवा दुकान-इमारतीचा गुंतागुंतीचा हिशेब असेल, तर आमच्यासारख्यांना बोलवा, असं त्यांचं मत. मग कंपनीच्या एस्टिमेटमधली एकेक ओळ त्यांनी मला वाचायला शिकवली. अ‍ॅटिकमधलं भिजलेलं इन्सुलेशन आणि जिन्याच्या भिंतीचा रंग त्यात धरलेलाच नव्हता. मी फोटो जोडून स्वतः ईमेल केला. तीन आठवड्यांत ३,३५० डॉलर वाढवून मिळाले. त्या बाईंनी फी घेतली नाही.

फरशी शेवटी नवऱ्याने आणि दोन मित्रांनी शनिवार-रविवारी बसवली. सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा दिवाणखान्यात जेवलो.

२०२२ मध्ये जस्टिस ऑफ द पीस कोर्टात दावा लावला. तिथे २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि वकील करावा लागत नाही. तो हजर राहिला नाही, निकाल आमच्या बाजूने लागला. वसुली शून्य. कंपनी बंद झालेली होती, आणि टेक्ससमध्ये अशा देण्यासाठी कुणाचं राहतं घर किंवा पगार सहसा जप्त होत नाही. निकालाचा कागद फाइलमध्ये आहे. १७,९०० डॉलर गेले ते गेले.

८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ह्यूस्टनवरून गेलं. २० लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते. तिसऱ्या रात्री मंडळातल्या एका मुलीचा फोन आला. मी तिला धाकट्या बहिणीसारखी मानते. छपरावर ओकचं झाड पडलेलं, नवरा कामानिमित्त पुण्यात, कडेवर बाळ. “ताई, एक माणूस आला होता, खूप समजूतदार वाटला. क्लेम तोच बघणार आहे.”

“सही केलीस?”

“केली.”

“कधी? वेळ सांग.”

काल संध्याकाळी सहाच्या सुमारास, ती म्हणाली. लायसन्स शोधलं, ते होतं. पण करारात छप्पर घालायचं कामही त्याच्याकडेच होतं. मी घड्याळ पाहिलं. रात्रीचे दहा. अठ्ठावीस तास झाले होते, चव्वेचाळीस हातात होते. तिला म्हटलं, मेणबत्ती लाव आणि करारावरची तारीख वाचून दाखव. करार रद्द करत असल्याचं तीन ओळींचं पत्र मी फोनवरच सांगितलं, तिने ते टाइप करून तेव्हाच ईमेल केलं. सकाळी पोस्ट उघडताना आम्ही दोघी बाळासकट दारात उभ्या होतो. पोचपावतीचं रजिस्टर पत्र गेलं, आणि शिक्क्यावरची वेळ तिने मला दोनदा वाचून दाखवली.