१५ बाय १५ ची हीट प्रेस: दहा महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीत आम्ही चौघांनी वर्गणी काढून १५ बाय १५ इंची, झाकण बाजूला फिरणारी हीट प्रेस, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन कपड्यावर डिझाईन चिकटवायचं मशीन, घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, याच ढाच्याचं मशीन दहा निरनिराळ्या स्टिकरांखाली मिळतं. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी आमची छोटी संस्था आहे. टी-शर्ट विकून तिचा वरखर्च निघावा, एवढाच हिशेब.

पहिल्याच आठवड्यात एक्स्टेन्शन बोर्ड वितळला. चूक आमची. मशीन १८०० वॅटचं, म्हणजे ८ अँपियरच्या आसपास ओढणार, आणि आम्ही ते ६ अँपियरच्या साध्या पिनवर लावलेलं. गिझरला असतो तसा १६ अँपियरचा पॉइंट काढून घेतला आणि ती कटकट मिटली.

खरी खोड उजव्या मागच्या कोपऱ्यात आहे. डिस्प्लेवर १६० दिसतं तेव्हा थर्मामीटर गन तिथं १४२ दाखवते. दुकानदार म्हणाला, "एवढं चालतंय की." चालत नाही. त्या कोपऱ्यात आलेली अक्षरं दुसऱ्या धुण्याला सुटली. आता डिझाईन मधोमध, १० इंचांच्या आतच ठेवतो. दाब बघायला चारी कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून झाकण लावायचं आणि ओढून बघायचं. जी सहज निघते तिथं दाब कमी.

सब्लिमेशनच्या, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती कापडात मुरवण्याच्या, नादी लागू नका. ते पॉलिएस्टरवरच धरतं. कॉटनवर पहिल्या धुण्यातच फिकं पडतं. आम्ही १८० जीएसएमचा (चौरस मीटरला १८० ग्रॅम कापड) कॉटन टी-शर्ट घेतो, तिरुपूरचा माल, आणि डीटीएफची (डायरेक्ट टू फिल्म) फिल्म, म्हणजे दाबून कपड्यावर उतरवायचं छापील डिझाईन, बाहेरून छापून आणतो. १५५ अंशांवर १५ सेकंद, फिल्म पूर्ण गार झाल्यावर सोलायची, मग वर बटर पेपर टाकून पुन्हा ८ सेकंद. पावसाळ्यात त्याआधी नुसता टी-शर्टच ५ सेकंद दाबा. बेळगावच्या जुलैत कपाटातला कोरा कपडासुद्धा ओलसर असतो. झाकण उचललं की वाफ दिसते. हे कळेपर्यंत ११ टी-शर्ट परत आले होते.

डीटीएफच घेण्याचं कारण इंद्रधनुष्य. अमेरिकेच्या गिल्बर्ट बेकरने १९७८ मध्ये आमच्यासारख्यांसाठी केलेल्या इंद्रधनुषी झेंड्यात आठ पट्टे होते, आज सहा वापरतात. स्क्रीन प्रिंटिंगला सहा रंग म्हणजे सहा स्क्रीन. ३० नगांसाठी तो खर्च कोण करणार? फिल्मवर रंग एक असो की सहा, भाव जागेचा लागतो.

तरी छातीभर झेंड्याचे पहिले ४० पडूनच राहिले. लोक हातात घ्यायचे, बघायचे, घडी घालून परत ठेवायचे. मग खिशाच्या जागी चार बोटांएवढे सहा पट्टे छापले, आणि ते खपले. खानापूरचा एक पोरगा दोन घेऊन गेला. म्हणाला, "आई इचारली तर रंगाची कंपनी हाय म्हणून सांगतो."

पाठीवर दोन भाषांत मजकूर आहे. मराठीत 'आमी बी हाव', खाली तेच कन्नडमध्ये, 'नावू इद्देवे'. पहिल्या फिल्मवर कन्नडमधल्या जोडाक्षराचा खालचा 'द' सुटून बाजूला जाऊन बसला होता. आमच्यातल्या कुणालाच कन्नड नीट वाचता येत नाही (इथं जन्मून ही गत!), ते दाखवलं चहावाल्या अण्णाने. तेव्हापासून अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्टवर न ठेवता त्यांचे आकार पक्के करून, फाईल पाठवतो.

हिशेब असा: कोरा टी-शर्ट १३५, फिल्म ३८, लाईट-पिशवी १२. विक्री २५०, उरले ६५. त्यात भर एका गणपती मंडळाची, १२० नगांची ऑर्डर. बाप्पाच्या पैशातून तिघींच्या ओळखपत्राची प्रतिज्ञापत्रं झाली. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांसारखी तृतीयपंथीयांनाही बस फुकट आहे, पण कंडक्टरला दाखवायला कागद लागतो, आणि कोल्हापूरला जायचं तर ती सवलतही नाही. तिथलं तिकीट या ६५ मधून निघतं.

असं मशीन पुन्हा घेईन का? घेईन, पण गरम करून चारी कोपरे गनने मोजल्याशिवाय पैसे देणार नाही. नवशिक्याने झाकण वर उघडणारं घेऊ नये, काम करताना हात तापल्या पत्र्याखाली जातो.

जाड शिवणीचं मात्र याला जमत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या वारीला जाणारी आमची एक जोगत्या मावशी, तिला टी-शर्ट नको होता. भंडाऱ्याची कापडी पिशवी पुढ्यात टाकून म्हणाली, "हेच्यावर लाव की रं." आत रबरी पॅड घालून बघितलं, दोनदा. शिवणीजवळ दाब बसत नाही, जांभळा पट्टा उचलतोच. पिशवी अजून माझ्याकडेच आहे.