परदेशातून कायमचं परत येताय? 'ओरिजिनल' म्हणून घेतलेला माल कस्टम्समध्ये डुप्लिकेट निघतो, आमच्यासोबत झालं ते वाचा

जे लोक परदेशातली नोकरी संपवून कायमचे घरी निघालेत त्यांच्यासाठी खास लिहितेय, कारण हे फसवणारे नेमके अशाच लोकांच्या शोधात असतात. निघायची तारीख ठरलेली, घर रिकामं करायची घाई, सगळ्यांसाठी काहीतरी चांगलं न्यायचंय, आणि एकदा विमानात बसला की हा माणूस भांडायला परत येणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आमच्याकडे हा विक्रेता ओळखीतूनच आला. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या काही जणांनी त्याच्याकडून आधी वस्तू घेतल्या होत्या. ब्रँडेड घड्याळं, हँडबॅगा, शूज, परफ्यूम असं सगळं ठेवायचा आणि कंपनीचा उरलेला स्टॉक आहे, सीझन संपलाय म्हणून कमीत देतो असं सांगायचा. भाव पण अगदी फुकटात नाही, शोरूमपेक्षा जरासाच कमी, म्हणजे कुणालाच संशय येऊ नये असा बेतून ठेवलेला. बॉक्स, वॉरंटी कार्ड, होलोग्राम, छापील बिल, काही म्हणता काही कमी नव्हतं. माझ्या दोन्ही भावांसाठी एकसारखी घड्याळं घेतली, सासूबाईंना आणि नणंदेला बॅगा, शिवाय शूज आणि परफ्यूम. शूज आणि परफ्यूमचे पैसे कार्डने घेतले त्याने, पण घड्याळं आणि बॅगांचे थेट खात्यावर टाका म्हणाला, कार्डवर कमिशन फार जातं म्हणून. ह्या कमिशनच्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या, पुढे सांगते का ते.

उतरल्यावर सामान एक्स-रेमधून गेलं आणि एकसारखे डबे दिसले म्हणून बॅग उघडायला लावली. ज्या बाई अधिकारी होत्या त्यांनी बिलाकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी ठेवून उलटी केली आणि मला म्हणाल्या, वाचा. मागे कोरलेला सिरियल नंबर दोन्हींवर एकच! खरा सिरियल नंबर दोन घड्याळांवर कधीच सारखा नसतो. मग सुलट करून सेकंद काटा दाखवला. डायलवर ऑटोमॅटिक लिहिलेलं आणि काटा मात्र सेकंदाला एकदा टक्‌ करून थांबत होता, आत साधं बॅटरीचं मशीन टाकलेलं. ऑटोमॅटिकचा काटा एका सेकंदात सहा-आठ बारीक ठोके घेतो त्यामुळे तो सलग सरकल्यासारखा दिसतो, हे त्यांनीच समजावून सांगितलं. परफ्यूमचं तर अजून सोपं, खोक्यावरचा बॅच कोड आणि बाटलीखालचा कोड जुळायला हवा, आमच्या एकाही बाटलीचा जुळला नाही. बॅगा आणि शूजसुद्धा डुप्लिकेटच निघाले.

सगळं जप्त. जबाब लिहून घेतला, सह्या, परत सह्या, धाकटी माझ्या खांद्यावर झोपून गेली तरी आमचं चालूच होतं. बिल आहे ना आमच्याकडे, असं नवरा सारखा सांगत होता पण बिलावरून फक्त पैसे दिले एवढंच कळतं, माल खरा आहे हे त्यातून सिद्ध होत नाही आणि इथं तर बिलावरचं दुकानच खोटं होतं.

स्वतःच्या वापरासाठी आहे म्हटलं की सोडतात, असं जे सर्रास सांगितलं जातं त्याच्या भरवशावर कृपा करून राहू नका. 1994 च्या ट्रिप्स करारात, म्हणजे बौद्धिक संपदेवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, कलम 60 आहे, त्यात प्रवाशाच्या सामानातल्या थोड्याशा, धंद्यासाठी नसलेल्या वस्तूंना सूट देता येईल असं म्हटलंय. देता येईल, द्यायलाच हवी असं नाही, त्यामुळे प्रत्येक देशाचं वेगळं आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी एका प्रकारची एकच वस्तू, तीही 30 दिवसांतून एकदाच चालते, म्हणजे दोन घड्याळं नेली की संपलं. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाच 7,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो आणि फ्रान्समध्ये तर अस्सल वस्तूच्या किमतीच्या दुपटीपर्यंत दंड आणि वर तुरुंगवासाचीसुद्धा तरतूद आहे, तुम्ही अजाणतेपणी घेतलंत तरी अडकू शकता. पोस्टाने पाठवू म्हणाल तर जपानने ऑक्टोबर 2022 पासून परदेशी विक्रेत्याकडून आलेली नकली वस्तू स्वतःसाठी मागवलेली असली तरी अडवायला सुरुवात केलीय. आणि कायमचं परतणाऱ्यांना घरच्या वापरलेल्या सामानावर ड्युटीत जी सवलत मिळते ती ड्युटीपुरती असते, नकली मालाला तिचं संरक्षण नाही.

आता कार्डचं. जप्तीचा कागद हातातून सोडू नका, झेरॉक्स नाही, मूळ प्रत मागून घ्या. व्हिसा कार्डच्या नियमांत नकली मालासाठी वेगळा डिस्प्यूट, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागायची तक्रार, आहे, 13.4 नंबरचा, आणि त्यात कस्टम्सने माल नकली ठरवला असेल तर तो पुरावा धरतात. माल परत द्यायचा प्रश्न येत नाही, तो तर जप्तच असतो. मुदत साधारण 120 दिवसांची असते म्हणून घर लावून होऊ दे मग बघू असं करू नका. आम्ही बँकेत तो कागद दिला आणि शूज-परफ्यूमचे पैसे परत आले. घड्याळं आणि बॅगांचे, म्हणजे मोठी रक्कम, ते गेलेच, कारण खात्यावर टाकलेल्या पैशांना असा डिस्प्यूटच लागू होत नाही. तो कार्ड का नको म्हणत होता ते तेव्हा कळलं आणि इतका संताप झाला की सांगता सोय नाही, म्हणजे ह्या माणसाला परत मागायचे सगळे रस्ते माहीत होते आणि जिथे रक्कम मोठी होती तेवढाच रस्ता त्याने बंद केला होता.

नवऱ्याच्या ऑफिसमधल्या सगळ्यांना आम्ही लगेच कळवलं. एकाने आपल्या घड्याळाच्या मागचा फोटो पाठवला, तोच नंबर. त्याचं निघायचं अजून बाकी होतं म्हणून निदान तो तरी वाचला, आणि तिथल्या पोलिसांकडे आता त्याने आणि आम्ही मिळून तक्रार दिलीय, खात्याचा नंबर, मेसेज, जप्तीचा कागद सगळं जोडून. विक्रेत्याने आमचे दोघांचेही नंबर ब्लॉक केलेत, पण दुसऱ्या नावाने त्याच घड्याळांचे फोटो टाकून विक्री अजून चालू आहे. ज्यांनी कुणी अशा माणसाकडून काही घेतलं असेल त्यांनी बॅग भरायच्या आधी, तिथे असतानाच, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन नंबर तपासून घ्या.