सभामंडपातलं मोफत शिबिर आणि अठराशे रुपयांचा डबा

भाताची लावणी आटोपली की गणपतीपर्यंत वाडीवर जरा उसंत असते. नेमक्या याच दिवसांत देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या वर्गात 'मोफत संपूर्ण शरीर तपासणी शिबिर' लागतं. दुसरा हंगाम शिमग्यानंतरचा, काजूचे पैसे हातात येऊ लागतात तेव्हाचा. निरोप बचत गटाच्या ताई घरोघर देतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. जाणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची. मुलं मुंबईला, घरात दोघंच, पाखाड्या चढून-उतरून गुडघे धरलेले. तपासणी फुकट होते, पण परत येताना पिशवीत पोषणपूरकांचे, म्हणजे प्रथिनं-जीवनसत्त्वांच्या पुडीचे, तीन डबे आणि एक बाटली असते आणि सहा-सात हजार गेलेले असतात. महिन्या-दोन महिन्यांनी तीच पिशवी घेऊन माणसं औषधाच्या दुकानात नाहीतर आहारतज्ज्ञाकडे येतात आणि विचारतात, "हे खरं आहे का हो?" तो प्रश्न शिबिरातच विचारता यावा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली एक छोटी पेटी आणि पेटीला जोडलेली धातूची दांडी. नाव 'क्वांटम अ‍ॅनलायझर', 'बॉडी स्कॅनर' असं काहीतरी. तुमचं वय, उंची, वजन भरून घेतात, दांडी मिनिटभर मुठीत धरायला लावतात आणि तीस-चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट काढतात. यकृतातली चरबी, हाडांतलं कॅल्शियम, रक्तातलं लोह, अंगातले 'जड धातू', सगळं त्यात असतं. दांडी हातात धरून यातलं काहीच मोजता येत नाही. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व कळायला रक्त काढावं लागतं. हाडांची घनता डेक्सा स्कॅनवर कळते, यकृतावरची चरबी सोनोग्राफीत दिसते. शिबिरात खात्री करून घ्यायची असेल तर दहा मिनिटांनी पुन्हा रांगेत उभे राहा आणि या वेळी वय वीस वर्षांनी कमी सांगा. आकडे बदललेले दिसतील. दहा मिनिटांत कुणाची हाडं बदलत नाहीत.

रिपोर्ट हातात पडला की बोलणं सुरू होतं. "काकू, कॅल्शियम तर संपत आलंय. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर बघणार कोण? मुलगा मुंबईला ना?" पावसात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरण्याची भीती कोकणातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या मनात असते. खरेदी या वाक्यावर होते. रिपोर्ट नुसता पुराव्याला असतो.

मग प्रयोग. काचेच्या ग्लासात पाणी घेतात आणि त्यात तपकिरी थेंब टाकतात. "हे बघा, तुमच्या रक्तातली घाण." मग आपल्या बाटलीतले चार थेंब घालून ढवळतात आणि पाणी स्वच्छ होतं. बघणारे अवाक होतात. तपकिरी थेंब आयोडीनचे असतात, जखमेवर लावतात तेच औषध. त्यांच्या बाटलीत क जीवनसत्त्व असतं, आणि क जीवनसत्त्वाने आयोडीनचं आयोडाइड होतं, ज्याला रंग नसतो. घरी करून बघा: ग्लासभर पाणी, पोव्हिडोन आयोडीनचे पाच-सहा थेंब, वर अर्धं लिंबू. पाणी तसंच नितळ होईल. (ते पिऊ नका, ओतून टाका.) पोरांना जमवून सभामंडपात हा लिंबाचा प्रयोग आधीच करून दाखवला तर त्या बाटलीला गिऱ्हाईक मिळणं कठीण. 'डिटॉक्स' म्हणून मिठाच्या पाण्यात पाय बुडवायला लावणारं यंत्र असेल तर त्याचंही तेच. पाण्यातल्या लोखंडी पट्ट्या विजेने गंजतात आणि पाणी गढूळ लाल होतं. खाऱ्या वाऱ्याने पत्रा कसा गंजतो ते आपण रोज पाहतो. पाय न बुडवता यंत्र चालू करायला सांगा, पाण्याचा रंग तोच येईल.

आता डबा. पुढच्या बाजूला हसरं कुटुंब असतं. ते सोडा, डबा उलटा करा आणि बारीक अक्षरातला पोषणाचा तक्ता वाचा. समजा डबा २०० ग्रॅमचा, किंमत १,८०० रुपये, आणि तक्त्यात १०० ग्रॅमला ५० ग्रॅम प्रथिनं लिहिली आहेत. म्हणजे अख्ख्या डब्यात १०० ग्रॅम प्रथिनं, एका ग्रॅमला १८ रुपये. दिवसाला दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम पूड घेतली तर पोटात १० ग्रॅम प्रथिनं जातात आणि डबा दहा दिवसांत संपतो. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. अंडं आठ रुपयांना धरलं तरी ग्रॅमला सव्वा-दीड रुपया. कुळथात १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम. १२० रुपये किलोचे कुळीथ घेतले तर ग्रॅमला ५५ पैसे. उरलेला अर्धा डबा कशाचा, हे घटकांच्या यादीत कळतं. तिथे पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर पैसे पिठूळ गोडाला गेले. माल्टोडेक्स्ट्रिनने रक्तातली साखर भराभर वाढते आणि हाच डबा मधुमेह्यांना 'शुगर-फ्री' म्हणून दिला जातो.

आणखी एक लबाडी उघड्या डोळ्यांना दिसत नाही. प्रथिनं मोजताना प्रयोगशाळेत नत्र (नायट्रोजन) मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. म्हणून काही जण पुडीत ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त नत्रयुक्त द्रव्यं मिसळतात. आकडा फुगतो, प्रथिनं वाढत नाहीत. घटकांत ही नावं स्वतंत्र दिसली तर तो डबा घेऊ नका.

प्रथिनं लागतात तरी किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे धडधाकट प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम नाचणीची भाकरी, ३० ग्रॅम पिठाची कुळथाची पिठी, एक अंडं, कपभर दूध आणि काटे काढून १०० ग्रॅम बांगडा, एवढ्यात ५० ग्रॅम भरतात. श्रावणात बांगड्याच्या आणि अंड्याच्या जागी काळ्या वाटाण्याची भरपूर उसळ, ताक आणि मूग येऊ द्या. वाटाणे कोरडे ५० ग्रॅम घेतले तरी दहा ग्रॅम निघतात. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. घरात एकटी उरलेली म्हातारी माणसं पेज आणि लोणच्यावर दिवस काढतात, दोघांसाठी कोण रांधणार म्हणून. त्यांना डबा नको, दुपारच्या पानात एक अंडं किंवा वाटीभर उसळ हवी.

कॅल्शियम प्रौढाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. तीळ आणि कवचासकट खाल्लेला सुका जवळा यांतही चांगलं. रक्तदाब असेल तर जवळा दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, मीठ बरंच निघतं. बी-१२ साठी तिसऱ्यांसारखं (शिंपल्यांसारखं) दुसरं अन्न क्वचितच सापडेल. शुद्ध शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांच्यात बी-१२ खरंच कमी पडू शकतं. पण ते रक्त तपासून ठरवायचं आणि औषधाच्या दुकानातली साधी गोळी घ्यायची. गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड लागतंच. ६० मिलिग्रॅम लोहाच्या १८० गोळ्या आणि कॅल्शियम उपकेंद्रात फुकट मिळतात, आशाताईंकडे मागा. त्याच गोळीचे शिबिरात शेकडो रुपये मोजू नका.

पैशाचं नुकसान भरून येतं. खरी काळजी पुढच्या गोष्टींची आहे.

थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घेतात. तिच्याबरोबर कॅल्शियम किंवा लोह पोटात गेलं तर गोळी नीट शोषलीच जात नाही. चार तासांचं अंतर हवं. सोयाच्या पुडीनेही तिचं शोषण कमी होतं. शिबिरात मात्र "सकाळी उठल्या उठल्या दोन चमचे" सांगतात. मग थायरॉइडचा आकडा बिघडतो आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टर ठरवून देतात, तिथे डबा सुरू करणं धोक्याचं. नोनीचा रस तर नकोच. नोनी म्हणजे आपली बारतोंडी. तिच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं, मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वजन उतरवायच्या 'गार्सिनिया' कॅप्सूल "आपल्या कोकमाच्याच जातीच्या" म्हणून खपवतात. जात तीच हे खरं, पण आमसुलाचं सार वेगळं आणि अर्क दाबून भरलेली कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक आणि ठरावीक आठवडेच असते. ती रोज घेतली, वर कॅल्शियमच्या गोळ्या, की रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, मग बोलण्यात असंबद्धपणा. घरच्यांना वाटतं म्हातारपण आलं. केसांसाठी बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्ततपासणीआधी तसं सांगा, थायरॉइड आणि हृदयाच्या काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात.

आणि हे लक्षात ठेवा: उलट्या, जुलाब, पुरळ झालं की विक्रेता सांगतो, "अंगातलं विष बाहेर पडतंय, डोस वाढवा." कुठल्याही खऱ्या पोषणपूरकाने विष बाहेर पडत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. अंगावर काही उठलं तर डबा बंद करा. आणि "आता शुगरची गोळी सोडली तरी चालेल" हे वाक्य जो उच्चारेल, त्याच्याकडून काहीच घेऊ नका. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी अचानक सोडून लकव्यापर्यंत जाता येतं.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक असतो. तो दाखवून "सरकारमान्य औषध" म्हणतात. तो परवाना खाद्यपदार्थाचा आहे, औषधाचा नाही. उत्पादन गुणकारी असल्याचा दाखला तर मुळीच नाही. क्रमांक १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. हा क्रमांक सरकारच्या फॉसकॉस संकेतस्थळावर घालून कंपनीचं नाव जुळतं का पाहा. पोषणपूरकाच्या डब्यावर ते औषधी वापरासाठी नाही असं छापणं बंधनकारक आहे. ही ओळ विक्रेत्यालाच मोठ्याने वाचायला लावा. किमतीच्या किंवा तारखेच्या जागी वेगळी चिकटपट्टी असेल तर नखाने उचलून बघा. पावसात आत गुठळ्या झालेली, कुबट वासाची पूड जुन्या मालाची असू शकते.

"ताई, तुम्हीच सेंटर घ्या, वीस हजारांचा माल उचला, खाली चार जणी जोडा." गटातल्या बायकांना हा दुसरा फास. मालाच्या विक्रीवर नव्हे तर माणसं जोडण्यावर कमाई मिळत असेल तर ती पिरॅमिड योजना, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी तिला बंदी आहे. घरी येणाऱ्या विक्रेत्याने ओळखपत्र दाखवायला हवं, आधी वेळ घेऊन यायला हवं. यात पैसे तर जातातच, पण वहिनीने नणंदेला, नणंदेने शेजारणीला गळ घातलेली असते. मग वाडीत बोलणं बंद होतं, आणि म्हणूनच कुणी तक्रार करत नाही.

तक्रार करायची तर पक्की पावती मागा. साध्या कागदावरची चिठ्ठी दिली तर तिचाच फोटो काढा. यूपीआयचा व्यवहार, रंगीत रिपोर्ट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे दाव्यांचे आवाजी निरोप, बॅनरचा फोटो, सगळं ठेवा. एक तरी डबा सीलबंद राहू द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५, आणि जिल्ह्याच्या त्यांच्या कार्यालयात लेखी अर्जही देता येतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची.

शेवटी ज्यांच्या घरात गुडघ्याची बिननावाची पूड आहे त्यांच्यासाठी. जुनं दुखणं दोन दिवसांत थांबलं, भूक वाढली, चेहरा गोल झाला, साखर चढली, तर पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अशी पूड काही आठवड्यांपासून चालू असेल तर ती एकदम थांबवू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि एकाएकी तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. उरलेली पुडी कागदासकट घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा. किती दिवस आणि दिवसाला किती घेतली ते सांगा. डोस कसा उतरवायचा ते डॉक्टर ठरवतील.