म्युझिक ॲपची वार्षिक वर्गणी: वर्षभर वापरल्यावर, तबलावादकाचं नाव शोधताना

वर्गणी फेब्रुवारीत संपली. यूपीआयचा ऑटो-पे बँकेच्या सर्व्हरवर अडकला, पैसे वेळेत गेले नाहीत, आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेली चौदा जीबी गाणी एका रात्रीत राखाडी झाली. यादी दिसते, नाव दाबलं की ‘प्रीमियम घ्या’. घरच्या वायफायवर रात्री जागून, यादी लावून, पैसे भरून उतरवलेलं सगळं. त्यानंतर कस्टमर केअरशी जे झालं आणि त्यातून मी जे काही वाचत गेले, त्यावर हा अनुभव लिहिते आहे. ॲपचं नाव देत नाही. वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये व्यवस्था हीच आहे, त्यामुळे एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडणं बरोबर नाही.

माझा वापर सांगते. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने कोपरखैरणे, तिथून शेअर रिक्षाने महापे. गर्दीच्या वेळी फोनवर नेटवर्कचे दांडे दिसतात पण डेटा हलत नाही, म्हणून डाउनलोड लागतंच. ऐकते मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, घरी लेकीसाठी हिंदी. पहिले काही महिने मी या ॲपवर खूश होते. आवाज स्वच्छ, जुनं नाट्यसंगीत शोधलं की सापडतं, बॅटरी खात नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

कस्टमर केअरच्या चॅटवर मी एकच प्रश्न धरून बसले होते: फेब्रुवारीपर्यंतचे पैसे तुम्हाला मिळालेत, त्या काळात उतरवलेली गाणी माझ्याकडे का राहत नाहीत? उत्तर दर वेळी ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ आणि अटींची लिंक. नाव बदलून दुसरी व्यक्ती यायची, पुन्हा तीच लिंक. पैसे पोचल्यावर खातं चालू झालं, पण सगळं पुन्हा उतरवावं लागलं. माझा जिओ फायबर आहे म्हणून निभावलं, मोबाइल डेटावर हे करणाऱ्याचं काय?

मग त्या अटी खरोखर वाचल्या, आणि पुढे कायद्याचंही वाचलं. मुंबई उच्च न्यायालयात टिप्स ही म्युझिक कंपनी विरुद्ध विंक हे गाण्यांचं ॲप असा खटला झाला होता. एप्रिल २०१९ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की ग्राहकाने गाणं कायमचं घेऊन ठेवलं तर ती विक्री, आणि वर्गणी चालू असेपर्यंतच वाजणारं उतरवलं तर ते व्यावसायिक भाड्याने देणं. रेडिओला मिळतो तसा वैधानिक परवाना (मालकाशी वेगळा करार न करता, ठरवून दिलेल्या दराने वाजवण्याची मुभा) यासाठी चालणार नाही, म्युझिक कंपनीशी रीतसर करारच हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही हेच कायम ठेवलं. म्हणजे मी वर्षभर गाणी भाड्याने ठेवली होती. हे बटणाशेजारी एका ओळीत लिहिलं असतं तर माझी तक्रारच नव्हती.

विक्री की परवाना, हा प्रश्न कलाकाराच्या पैशातही किती फरक पाडतो हे अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसलं. एमिनेम या रॅपरच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगवर हक्क असलेल्या एफबीटी प्रॉडक्शन्सचा करार असा होता की रेकॉर्ड विकली तर १२ ते २० टक्के, परवान्यावर दिली तर ५० टक्के. रेकॉर्ड कंपनी आयट्यून्सवरच्या (ॲपलचं गाणी विकणारं दुकान) डाउनलोडला विक्री धरून कमी दर देत होती. २०१० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की हा परवाना आहे, निम्मे पैसे द्या. फाइल तीच, ऐकणारा तोच, आणि करारातल्या एका कलमाच्या अर्थावर कलाकाराचा वाटा दुप्पट-चौपट होतो. ग्राहकाला भाडं आणि कलाकाराला विक्रीचा दर, असं दोन्हीकडून धरलं तर मधल्याचंच भलं होणार.

आता माझ्या पैशाचं बघू. महिन्याला ९९ रुपये धरले तर त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५ रुपये १० पैसे सरकारचे. उरले ८३ रुपये ९० पैसे. स्पॉटिफाय सांगतं की उत्पन्नाचा साधारण दोन-तृतीयांश भाग हक्कदारांना जातो. तोच हिशेब इथे लावला तर ५६ रुपये. हे ५६ रुपये मी ऐकलेल्या गायकांना जातात असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. सगळ्यांची वर्गणी एका गल्ल्यात जमा होते आणि देशभर एकूण किती वेळा काय वाजलं त्या प्रमाणात वाटली जाते. मी महिनाभर फक्त मारवा राग ऐकला तरी माझ्या पैशाचा मोठा भाग त्या महिन्यात गाजणाऱ्या गाण्याला जातो. दुसरा मार्ग नाही असंही नाही. साउंडक्लाउड या गाण्यांच्या ॲपने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी, ऐकणाऱ्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत सुरू केली.

ख्याल ऐकणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. स्पॉटिफायवर ट्रॅक ३० सेकंद वाजला की एक ऐकणं मोजलं जातं. तीन मिनिटांचं गाणं एक, चाळीस मिनिटांचा बडा ख्यालही एकच. गायकाने विलंबित लयीत एकेक सूर उलगडत राग उभा केला, तबलावादकाने तेवढा वेळ एकतालाचा ठेका तोलून धरला, आणि हिशेबात तो एका रीलवरच्या गाण्याइतका. शिवाय २०२४ पासून नियम असा की वर्षभरात १००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. एखाद्या कमी माहितीच्या गायकाचं अप्रचलित रागाचं रेकॉर्डिंग वर्षात हजार वेळा कोण लावणार? ग्रामोफोनच्या काळात तबकडीवर साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं म्हणून राग आखडून गावा लागे. ती यंत्राची मर्यादा होती. आता यंत्र कितीही वेळ वाजवेल, पण पैशाचा नियम पुन्हा छोट्या तुकड्यांकडे ढकलतो. काही कंपन्या एकच ख्याल भाग १, भाग २ असा तोडून चढवतात ते बहुधा यामुळेच. माझ्या ॲपमध्ये त्या दोन भागांमध्ये क्षणभर शांतता येते, आणि ती नेमकी सम (तालाची पहिली मात्रा) येण्याआधी आली की सगळा राग हातातून जातो.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि कुणाला ती क्षुल्लक वाटेल. ॲपमध्ये साथीदारांची नावं नाहीत.

माझ्याकडे वडिलांच्या कॅसेट आहेत. आतला घडीचा कागद उघडला की बारीक अक्षरात राग, ताल, बंदिशीचे बोल, खाली तबला अमुक, हार्मोनियम अमुक, तानपुरा आणि गायनसाथ अमुक. तेच रेकॉर्डिंग ॲपमध्ये उघडलं तर गायकाचं नाव, कंपनीचं नाव, वर्ष. तेही वर्ष पुष्कळदा डिजिटल चढवल्याचं, मैफलीचं नव्हे. ‘क्रेडिट्स’ दाबलं तर ‘परफॉर्म्ड बाय’ पुढे पुन्हा गायकच. नाट्यपदांना ऑर्गन कुणाचा, काही पत्ता नाही. मी तक्रार केली, उत्तर आलं की माहिती कंपनी देते तशी आम्ही दाखवतो. असेल. पण कागदावर छापलेलं होतं ते टाइप करायला कुणाला काय अडचण होती?

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी रेकॉर्डिंग केलं तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या मोठ्याने ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून. गायिकेचं नाव हरवू नये यासाठी तेव्हा एवढी तजवीज होती.

नाव हा नुसत्या मानाचा विषय नाही, त्यावरच पैसे अडतात. हे मला आमच्या सोसायटीतल्या काकांमुळे कळलं. ते तबला वाजवतात, गडकरी रंगायतनला अनेकांना साथ केली आहे, पूर्वी कॅसेट कंपन्यांसाठी स्टुडिओतही पुष्कळ वाजवलं. मी त्यांना ॲपवर त्यांचंच एक रेकॉर्डिंग दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, बोटं मांडीवर चालत होती. मग म्हणाले, ‘अगं, हे माझंच. त्या दिवशी बायाँ उतरत होता, दर आवर्तनाला हात दाबून वाजवलंय बघ.’ मलाही ऐकू आलं, बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा किंचित बसका आहे. पैशाचं विचारलं तर म्हणाले, ‘स्टुडिओतून निघताना पाकीट दिलं. पुन्हा कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.’

कायद्याने काका ‘परफॉर्मर’ आहेत. गायक, वादक, नर्तक सगळे त्या व्याख्येत येतात. जून २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, तिच्यात सादरकर्त्यांचे हक्क बळकट केले गेले. गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क दिला, जो करारात लिहून काढून घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. गायकांसाठी इस्रा ही संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली, तिच्या आजच्या नावात आता वादकही आहेत. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला आणि त्यापायी रफींशी अबोला ओढवून घेतला, तिथपासून हा विषय चालू आहे. म्हणजे हक्क आहे, संस्थाही आहे. पण रेकॉर्डिंगच्या नोंदीत काकांचं नावच नसेल तर कुठल्या संस्थेने कुणाच्या खात्यात काय जमा करायचं? म्हणून मी या एका उणिवेवर अडून बसले आहे. ॲपमध्ये रोज नव्या थीम येतात, गाण्याचे बोल नाचत दिसतात, वर्षअखेरीस रंगीत हिशेब येतो. साथीदाराच्या नावाचा एक रकाना येत नाही.

या रागातच बँडकँपवर गेले, म्हणजे कलाकार आपले अल्बम थेट विकतात त्या संकेतस्थळावर. परदेशात स्थायिक झालेल्या एका सतारवादकाचा अल्बम ७ डॉलरला घेतला. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागले, आणि साधारण सहाशे रुपयांवर बँकेने फॉरेक्स मार्कअप व त्यावर जीएसटी लावला, ते मला झोंबलं. पण फाइल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) मिळाली, मेमरी कार्डावर ठेवली, लॅपटॉपवर ठेवली, वर्गणी असो-नसो वाजते. पानावर तबल्याचं नाव, तानपुऱ्याचं नाव, रेकॉर्डिंग करणाऱ्याचंही नाव. बँडकँप डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, आणि सरासरी ८२ टक्के रक्कम कलाकार किंवा त्याच्या लेबलकडे जाते असं सांगतं. मार्च २०२० पासून काही शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात, त्या दिवशी घेतलं तर आणखी बरं. एका अल्बममागे माझे किती पैसे कुणाला गेले हे मला पहिल्यांदाच समजलं.

एवढं झाल्यावर मी ॲप काढून टाकायचं ठरवलं होतं. ते मत काकांनी बदललं. त्यांच्याकडे हल्ली दोन तरुण मुलं शिकायला येतात, दोघांनी त्यांचं वाजवणं आधी ॲपवरच ऐकलं होतं, नाव मात्र त्यांना यूट्यूबवरच्या कुणाच्या तरी कॉमेंटमध्ये मिळालं. काका म्हणाले, ‘तू बंद केलंस तर मला काय मिळणार? ऐकायचं सोडू नकोस, लिहीत राहा त्यांना.’ शिवाय मराठीतलं जुनं ध्वनिमुद्रण बँडकँपवर जवळपास नाहीच, ते कंपन्यांच्या ताब्यात आहे. भारतातल्या कलाकाराला तिथे भारतातून पैसे देणंही सरळ नाही, पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेने १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले आहेत.

म्हणून आता वार्षिक वर्गणी नाही, महिन्याची घेते, तीही लागेल तेव्हा. वाचलेल्या पैशातून दर दोन-तीन महिन्यांनी एक अल्बम थेट विकत. ज्या रेकॉर्डिंगची कॅसेट माझ्याकडे आहे त्याच्या कागदाचा फोटो काढून ॲपला आणि कंपनीला, दोघांना ईमेल करते. आतापर्यंत एका अल्बमवर हार्मोनियमवादकाचं नाव चढलं आहे.

ॲपला आवाजासाठी आणि साठ्यासाठी पाचपैकी अडीच. डाउनलोड भाड्याचं आहे हे स्पष्ट लिहिलं तर तीन देईन, साथीदारांची नावं आली तर चार. बँडकँपला चार, एक गुण फॉरेक्सच्या भुर्दंडाचा कापला.

काका आता घरीच तबला सोलोचं रेकॉर्डिंग करताहेत, पेशकार, कायदे, रेले असे तबल्याचे रचनाप्रकार, आणि लेहरा (सोलोमागे फिरत राहणारी धून) धरायला त्यांचा पुतण्या हार्मोनियमवर. पैसे यूपीआयवर आणि फाइल लिंकने पाठवायची असं ठरलं आहे. किंमत त्यांनी १०० रुपये म्हटली. मी ३०० वर अडून आहे, आणि त्यातले ९० पुतण्याचे असं आधीच लिहून ठेवायला सांगितलं आहे.