विक्रोळीत बसवलेली वेल्क्रोची मच्छरजाळी, अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देते, पाचपैकी साडेतीन. जाळीला चार, बसवणाऱ्याच्या फिनिशिंगला तीन. आणि ज्यांना वाटतंय की जाळी लावली म्हणजे डेंग्यूचं टेन्शन गेलं त्यांच्यासाठी खाली जरा जास्तच लिहिलंय, तेवढं वाचाच, बाकी दर आणि फिटिंगचं सोडून दिलंत तरी चालेल.

आम्ही कन्नमवार नगरला राहतो, विक्रोळी पूर्व. एरिया माहीत असेल तर डासांबद्दल वेगळं सांगायला नको. पलीकडे खाडी नि कांदळवन, आणि मधे जिकडे बघावं तिकडे म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगी पाडून टॉवर चाललेत, म्हणजे पायाचे खड्डे, स्लॅबवर साठवून ठेवलेलं पाणी, ताडपत्र्यांच्या घड्यांमधलं पाणी, सगळं आलं. संध्याकाळी सहाला खिडक्या बंद करून घामाघूम बसायचं नाहीतर उघड्या ठेवून फोडून घ्यायचं, हेच दोन ऑप्शन होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, दर महिन्याला त्या लिक्विडच्या बाटल्या आणतेस, त्यापेक्षा एकदाच काय ते कर." मग नाक्यावरच्या जाळीवाल्याला बोलावला.

त्याच्याकडे तीन प्रकार होते. पॉलिस्टरची सगळ्यात स्वस्त पण उन्हाने लवकर पिवळी पडते असं तोच म्हणाला, फायबरग्लासची मधली, आणि स्टीलची जी फ्रेममधेच घ्यावी लागते. शिवाय ती घडीची प्लीटेड जाळी असते ना, दरवाज्यासारखी सरकणारी, ती दिसायला एक नंबर पण दर ऐकून मी विषय बदलला. आम्ही फायबरग्लास घेतली, ग्रे रंगाची, पांढरी घेऊ नका, पांढऱ्यातून बाहेरचं नीट दिसत नाही आणि मळते पण लगेच. चौरस फुटाला साठ म्हणाला, घासाघीस करून पन्नासवर आला, हॉल बेडरूम किचन मिळून तीन हजारांच्या आसपास बिल झालं.

घेताना छिद्रं बघून घ्या. इंचाला साधारण १६ ते १८ छिद्रं असली की डास अडतो, त्यापेक्षा मोठी असेल तर ती पालीसाठी लावल्यासारखी आहे. फार बारीक पण नको, वारा अडतो, आमचा तसाही थोडा अडतोच, ऑक्टोबरमधे पंखा एक पॉइंट वाढवावा लागला. चिलटं मात्र या जाळीतून आरामात येतात, पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली दिसतील, घाबरू नका, जाळी फाटलेली नाहीये.

आता फिटिंग. पठ्ठ्याने अॅल्युमिनियमची फ्रेम नुसती फडक्याने पुसली आणि वर वेल्क्रोची पट्टी चिकटवली. जुलैत पावसाची झड सुरू झाली आणि खालचे दोन्ही कोपरे सुटले. फोन केल्यावर येऊन परत करून दिलं, पैसे घेतले नाहीत, तेवढा चांगुलपणा आहे, पण पहिल्याच वेळी फ्रेम घासून, पूर्ण सुकवून मग पट्टी लावली असती तर ही वेळच आली नसती. तुम्ही करून घेताना समोर उभे राहा. दुसरं म्हणजे स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी जायला बारीक भोकं असतात आणि दोन काचांच्या मधेपण फट असते, त्यामुळे जाळी काचेच्या आतून पूर्ण फ्रेमला आली पाहिजे, अर्धीच खिडकी झाकून देणारे पण आहेत. तिसरं, कपडे कुठे वाळत घालता? आमच्याकडे हॉलच्या ग्रिलमधे. म्हणजे रोज वेल्क्रो फर्रकन उघडायचं आणि परत दाबून बसवायचं. त्या एका खिडकीला चेन लावून घेतली, थोडे जास्त पडले पण ती आयडिया बेस्ट निघाली. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांना बहुतेक लोक जाळी लावतच नाहीत आणि डास तिथूनच येतो, तीपण करून घ्या. धुवायला मात्र सोपं, काढायची, बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवायची, अर्ध्या तासात सुकते.

रात्रीचा फरक विचाराल तर प्रचंड. कानाशी गुणगुण बंद. रात्री डास मारायची रॅकेट घेऊन पलंगावर उभं राहायचा कार्यक्रम बंद. लिक्विडचं मशीन रात्रभर लागायचं ते आता कधीतरीच.

पण.

आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात, त्यांच्याकडे आमच्याआधी दोन वर्षं जाळ्या आहेत, आमच्यापेक्षा भारीतल्या, सेफ्टी डोअरला सुद्धा जाळी. आणि या ऑगस्टमधे त्यांच्याच मुलाला डेंग्यू झाला. पालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं आली, टॉर्च घेऊन घर बघितलं आणि दोन ठिकाणी अळ्या काढून दाखवल्या, एक फ्रिजच्या मागे खाली जो ट्रे असतो त्यात, दुसरं बेडरूममधल्या मनी प्लांटच्या बाटलीत. छान स्वच्छ, पारदर्शक पाणी आणि त्यात वळवळ. काकू म्हणाल्या, "अहो पण आमच्याकडे सगळीकडे जाळ्या आहेत." त्यावर तो माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, हा डास बाहेरून आलेलाच नाही, इथेच जन्मलाय."

तिथे मला जाळीचा खरा हिशोब कळला. आपण सगळ्यांना मच्छर म्हणतो पण आपल्याकडे कामाचे तीन आहेत. गटारातल्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स, रात्री गुणगुण करून झोप घालवतो तो मुख्यतः हाच, हत्तीरोग पसरवणारा पण हाच. दुसरा अॅनोफिलीस, मलेरियावाला, तोपण संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो, आणि मुंबईतला जो मेन आहे, स्टीफन्सी, तो टाकी, विहीर, बांधकामावरचं पाणी अशा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. या दोघांसाठी खिडकीची जाळी म्हणजे पैसे वसूल, कारण ते बाहेर जन्मतात आणि अंधारात आत येतात. तिसरा एडिस, अंगावर पांढरे पट्टे असलेला, डेंग्यू आणि चिकुनगुनियावाला. हा दिवसा चावतो, सकाळी आणि उन्हं कलताना जास्त, लांब उडत नाही, साधारण शे-दोनशे मीटर, आणि त्याला राहायला तुमचंच घर आवडतं. पलंगाखाली, सोफ्यामागे, दाराला टांगलेल्या काळ्या कपड्यांवर बसून राहतो. याच्यासाठी जाळी अर्धंच काम करते, आणि घरात पाणी साठलेलं असेल तर तुम्ही त्याला आत कोंडून ठेवलाय इतकंच.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून ते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात, सगळी भांडी, पिंपं, कुंडीखालच्या ताटल्या, एसीच्या पाण्याची बादली रिकामी करायची. पण नुसतं ओतून देऊन भागत नाही हे फार कमी जणांना माहीत असतं. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, परत पाणी भरलं की फुटतात. त्यामुळे पिंप आतून घासायचं, ब्रशने, कडा जोर लावून. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं त्यामुळे ड्रम भरून ठेवणं कोणालाच चुकत नाही, मग निदान घट्ट झाकण आणि आठवड्याला घासणं.

आणि एक गोष्ट जी डेंग्यूच्या घरात हमखास राहून जाते. लोक पेशंटला पपई, किवी, ड्रॅगनफ्रूट सगळं देतात पण त्याला दिवसा मच्छरदाणीत झोपवत नाहीत. डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, मधे डास लागतो. ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते ताप जाईपर्यंत आणि नंतरही दोनेक दिवस पेशंटच्या रक्तात व्हायरस असतो, त्या काळात त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी स्वतः पसरवायला लागतो आणि मरेपर्यंत पसरवतो. त्यात एडिसची सवय अशी की एकाच जेवणासाठी दोन-तीन जणांना चावतो, म्हणून एका घरात एकामागोमाग सगळे पडतात. मच्छरदाणी आजाऱ्यासाठी कमी आणि बाकीच्या घरासाठी जास्त असते, आणि ती दिवसा लावायची. आजीच्या वेळची चौकोनी मच्छरदाणी माळ्यावर असेल तर काढा खाली, ती या सगळ्या ऑनलाइन तंबू टाइपपेक्षा मोठी आणि मोकळी असते. अजून एक, तापात ब्रुफेन, अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल आणि डॉक्टर.

मलेरियाची साखळीपण तशीच, फक्त त्यात व्हायरसच्या जागी परजीवी. त्यातला व्हायवॅक्स नावाचा प्रकार यकृतात दडी मारून बसतो आणि काही महिन्यांनी परत ताप आणतो, म्हणून त्याच्यासाठी प्रायमाक्विन गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स असतो. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे आमच्या बिल्डिंगमधेच चार सापडतील. तुमचा राहिलेला कोर्स म्हणजे शेजाऱ्याचा मलेरिया, इतकं सरळ आहे.

आता सोसायटी. डेंग्यूची केस निघाल्यावर मीटिंगमधे पहिली मागणी काय, तर धूर मारा. धुराचा तो पांढरा ढग गेला की सगळे खूश, सेक्रेटरीकाका पण खूश. धुराने त्या क्षणी उडणारे डास मरतात, अळ्यांना काहीही होत नाही, आणि धूर येतोय म्हणून आपण खिडक्या लावून घेतो तेव्हा पलंगाखालचा एडिस आत सुखरूप. मी म्हटलं गच्चीवर जाऊन टाक्या बघू. एका टाकीचं झाकण तिरकं, त्यावर वीट, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही. मुंबईत टाकी डासमुक्त ठेवणं, म्हणजे घट्ट बसणारं झाकण आणि तपासायला जायची शिडी, हे पालिकेच्या १८८८ च्या कायद्यात आहे, कलम ३८१ खाली नोटीस येते आणि केसही होते. तसा हा शहराचा जुनाच आजार. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर रिपोर्ट दिला तेव्हा बोट विहिरींकडेच होतं, त्यानंतर कितीतरी विहिरी बुजवल्या नाहीतर झाकल्या गेल्या. आता विहिरीच्या जागी गच्चीवरची टाकी आली, डास तोच. झाकण आणि पाइपाची जाळी मिळून जेवढा खर्च आला तो आमच्या एका खिडकीच्या बिलापेक्षा कमी होता, आणि फायदा अख्ख्या बिल्डिंगला.

बाकीच्या वस्तूंबद्दल पटकन. अल्ट्रासॉनिकचं प्लगमधलं खेळणं घेऊ नका, डास पळत नाही, असं टेस्ट करून झालेलं आहे. मोबाइलमधल्या अॅपचं तर बोलायलाच नको. कॉइल बंद खोलीत लावू नका, लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर अजिबात नको. लिक्विड मशीन चालतं पण एडिससाठी ते सकाळी आणि दुपारनंतर लावायला हवं, आपण रात्री लावतो. मुलीला शाळेत पाठवताना पूर्ण बाह्या आणि उघड्या भागाला ओडोमॉस. रॅकेटने समाधान मिळतं, बाकी विशेष काही नाही.

तर घ्यावी का? पहिल्या ते सहाव्या मजल्यापर्यंत राहत असाल, जवळ बांधकाम, नाला किंवा खाडी असेल तर नक्की घ्या, आणि जूनच्या आधी बसवा, पावसात पट्टी धरत नाही. भाड्याच्या घरात असाल तर वेल्क्रोच घ्या, काढून नेता येते, फक्त पुढच्या घरी मापं जुळायला पाहिजेत. बजेट कमी असेल तर आधी बेडरूम आणि बाथरूम करा, हॉल नंतर. आणि जाळीवाला माप घ्यायला येईल त्या दिवशी फ्रिज पुढे ओढून मागचा ट्रे बघून घ्या, तो कसा काढायचा माहीत नसेल तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला एकदा विचारा, काही मॉडेलला तो नुसता सरकवून निघतो, काहींना स्क्रू असतात. आमच्या गॅलरीच्या दाराला अजून जाळी नाही, त्याने प्लीटेडच सुचवलीये, दिवाळीनंतर दर परत विचारणार आहे.